वेगवान हॅचबॅकचे ब्रेक आणि चाके : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे लहान आकाराच्या पण जोरदार इंजिनाच्या हॅचबॅक गाड्यांविषयी आहेत, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक पत्रात ब्रेक किंवा अलॉय व्हील बदलण्याचा विचार बोलून दाखवलेला आहे. म्हणून हा अंक याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१७ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. मे महिन्यात सहकुटुंब चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरत असताना शेवटच्या काही वळणांवर ब्रेकचे पेडल मऊ झाले आणि नेहमीपेक्षा बरेच खाली जाऊ लागले. पायथ्याशी अर्धा तास थांबल्यावर ते पूर्ववत झाले. सर्व्हिस सेंटरमध्ये पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असल्याचे सांगण्यात आले. पुढे मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बसवावेत आणि मागचे ड्रम काढून तेथेही डिस्क लावाव्यात, असा मित्रांचा आग्रह आहे. खर्चाची तयारी आहे. आपला सल्ला काय? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : आपण लक्षण इतके नेमके लिहिले आहे की दोष कोठे असावा याचा अंदाज पत्रावरूनच करता येतो. घाटात ब्रेक कमी पडतात ते दोन प्रकारांनी, आणि त्यांतील फरक पायाला कळतो. पॅड प्रमाणाबाहेर तापले, तर पेडल कडकच राहते, पाय जोराने दाबला जातो, पण गाडी हवी तशी थांबत नाही आणि बहुधा जळका वासही येतो. ब्रेक ऑइल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पेडल मऊ होऊन खाली जाते आणि थंड झाल्यावर काही घडलेच नाही असे वाटते. आपल्या बाबतीत हा दुसरा प्रकार घडलेला दिसतो. मोठ्या डिस्क लावूनही जुने ऑइल तसेच राहिले, तर हा धोका पुरता टळणार नाही.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे मानकच सांगते. म्हणजे बाटलीवरचा मोठा आकडा काही पावसाळे उलटलेल्या ऑइलला लागू पडत नाही. सर्व्हिसच्या बिलांवर ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले ते पाहावे. दोन वर्षांपूर्वीची नोंद असेल, किंवा नोंदच नसेल, तर सर्वांत आधी तेच बदलावे. आपल्या गाडीत ईएसपी (गाडी घसरू लागल्यास आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा) असल्यामुळे पातळ प्रकारचे, म्हणजे डब्यावर ‘लो व्हिस्कॉसिटी’ किंवा आयएसओ ४९२५ वर्ग ६ असे लिहिलेले डॉट ४ घ्यावे. त्याचा ताज्या अवस्थेतील उत्कलनबिंदू किमान २५० आणि ओलावा मुरल्यानंतरचा किमान १६५ अंश असतो. डबा सीलबंद असावा आणि तो आपल्यासमोर फोडला जावा. वरच्या टाकीतील ऑइल पिचकारीने ओढून नवे ओतणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे. चारही चाकांवरून जुने ऑइल बाहेर काढून, हवा काढूनच ते काम पुरे होते.

घाटात ब्रेकवर किती भार येतो, याची कल्पना नसल्यामुळे चालवण्याच्या पद्धतीकडे दुर्लक्ष होते. चिखलदरा ते परतवाडा हा उतार उंचीने सुमारे ७०० मीटरांचा आहे. तेवढ्या उंचीवरून गाडी खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबण्याच्या सतरा-अठरा खेपांइतकी भरते. गाडीत एक माणूस असो वा चार, हे प्रमाण बदलत नाही. त्यातला काही भाग हवेचा आणि टायरचा रोध उचलतो, उरलेला इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायचा असतो. आपल्या गाडीच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये लिव्हर ‘डी’मध्येच ठेवला, तर पेट्रोल वाचवण्यासाठी ती वरचा गिअर धरून राहते आणि इंजिनाचा वाटा ब्रेकवर येऊन पडतो. उतार लागण्यापूर्वीच लिव्हर मॅन्युअलकडे सरकवून दुसरा किंवा तिसरा गिअर धरावा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नये, वळणाआधी नेटाने दाबून वेग कमी करावा आणि मग पाय पूर्ण उचलावा, म्हणजे डिस्कला वारा लागतो.

यानंतरही सुधारणा हवी असेल, तर मूळ मापाच्याच चांगल्या प्रतीच्या डिस्क आणि पॅड घ्यावेत. ईबीसी, फेरोडो, ब्रेम्बो, टीआरडब्ल्यू ही नावे या व्यवसायात जुनी आणि जाणती आहेत, मात्र त्यांच्या नकलाही बाजारात असतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याचे पक्के बिल घ्यावे. पॅडच्या पाठीवर ‘आर-९०’ ही युरोपीय मान्यता असेल, तर तो पॅड मूळ पॅडच्या तोडीचा असल्याची कसोटी पार केलेला असतो. शर्यतीसाठीचे पॅड रस्त्यावरच्या गाडीला लावू नयेत, कारण ते तापेपर्यंत पकडच घेत नाहीत, आणि सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच चौकात ब्रेक लावावा लागतो. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला आकर्षक असल्या, तरी अतिउष्णतेत भोकांच्या कडेपासून तडे जाण्याची शक्यता असते. साध्या किंवा खाचा असलेल्या डिस्क अधिक भरवशाच्या.

आता मित्रांच्या आग्रहाविषयी. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू होते, याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त आहे. तेथून पुढे ब्रेक कितीही मोठे केले, तरी एका थांबण्याचे अंतर घटत नाही. ते घटते चांगल्या टायरने. मोठ्या ब्रेकचा खरा लाभ पुन्हापुन्हा तापणे सहन करण्यात आहे, आणि तो ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांना मिळतो. त्यातही कॅलिपरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ मूळ मास्टर सिलिंडरशी (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागाशी) जुळले नाही, तर पेडलचा प्रवास वाढतो आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील ब्रेकची वाटणी बिघडते. मागचे ड्रम काढण्याचा विचार तर मी आपल्याला पूर्णपणे सोडून द्यायला सांगेन. ब्रेक लावताना वजन पुढे जाते, त्यामुळे या वर्गातील गाडीत मागच्या चाकांचा वाटा मुळात कमी असतो, आणि हँडब्रेक, एबीएस व ईएसपी यांची जुळणी कारखान्यात त्या ड्रमला धरून झालेली असते. घरच्यांना घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत ही जुळणी गॅरेजमध्ये अंदाजाने बदलू नये.

प्रश्न : मीही पोलो जीटीच वापरतो. टायरचे मूळ माप १९५/५५ आर१६ आहे. १७ इंची अलॉय आणि २०५/४५ मापाचे टायर बसवावेत का? समृद्धी महामार्गावरून छत्रपती संभाजीनगरला नेहमी जाणे होते. (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : बाहेरील व्यासाच्या दृष्टीने हा बदल चुकीचा नाही. दोन्ही मापांत फरक एका टक्क्याहून कमी आहे, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. मूळ टायरच्या कडेची उंची सुमारे १०७ मिलिमीटर, तर नव्याची ९२, म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामधले १५ मिलिमीटर रबर आणि हवा कमी होते. नागपुरात सिमेंटचे रस्ते वाढले, आणि त्यांच्याबरोबर सांधे, रस्त्याच्या पातळीत न बसलेली चेंबरची झाकणे आणि जुन्या डांबरी रस्त्याशी जुळणारी उंच कडही आली. पावसाळ्यात त्यावर पाणी साचले की कड दिसतच नाही. रिम वाकते ती अशाच ठिकाणी.

दुसरी गोष्ट भाराची. १९५/५५ आर१६ टायरवर बहुधा ८७ हा भारांक असतो, म्हणजे एका टायरला ५४५ किलो. २०५/४५ आर१७ टायर ८४ भारांकाचाही मिळतो आणि तो ५०० किलोच वाहतो. घ्यायचाच असेल, तर ‘एक्सएल’, म्हणजे जादा भाराचा, असे लिहिलेला ८८ भारांकाचा, ५६० किलोचा घ्यावा आणि त्यात हवेचा दाबही त्याच्या कोष्टकाप्रमाणे ठेवावा. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, पण तासन्‌तास त्याच वेगाने, उन्हाळ्यात ४५ अंशांच्या हवेत तापलेल्या काँक्रीटवर, कमी हवेचा किंवा जुना टायर चालवणे हा जिवाशी खेळ आहे. दाब सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावा. टायरच्या कडेवर ‘डॉट’नंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे पाहावेत. ३२२४ असेल, तर तो २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे.

माझ्या मते आपल्या वापराला १६ इंचच योग्य आहे. त्याच मापात मूळ चाकापेक्षा हलके आणि मजबूत चाक घेतले, तर स्टिअरिंग अधिक चपळ होते आणि खड्ड्यात सस्पेन्शनला दिलासा मिळतो. दुकानात दोन्ही चाके वजनकाट्यावर ठेवायला सांगावीत. विकत घेण्याआधी हे करून घेण्यात संकोच कसला? बाजारातली कित्येक १७ इंची ओतीव चाके मूळ १६ इंची चाकापेक्षा जड भरतात.

पोलोच्या बाबतीत बसवण्याचे तपशीलही जपावे लागतात. तिच्या चाकाला पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात आणि मधले छिद्र ५७.१ मिलिमीटरचे असते. बाजारातील चाकाचे छिद्र त्याहून मोठे असेल, तर छिद्र आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) यांतील फट भरणारी अचूक मापाची हब रिंग हवी, नाहीतर ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग कितीही केले तरी थांबत नाही. आणखी एक बाब टायरवाले सहसा सांगत नाहीत. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भाग, गोलाकार असते, तर बाजारातील बहुतेक चाकांची शंकूच्या आकाराची. मूळ बोल्ट अशा चाकात कसले, तर ते घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण प्रत्यक्षात एका बारीक कडेवरच टेकलेले असतात आणि चालत्या गाडीत सैल होऊ शकतात. चाकाबरोबर त्याच बैठकीचे, योग्य लांबीचे बोल्ट घ्यावेत, हवेच्या गनने न आवळता टॉर्क रेंचने (कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) १२० न्यूटन-मीटरवर कसावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

प्रश्न : माझ्या आय-२० एन लाइनची पुढची रिम खड्ड्यात वाकली. एक कारागीर ती तापवून सरळ करून देतो म्हणतो. दुसरीकडे एका प्रसिद्ध जपानी डिझाइनसारखा चार चाकांचा संच निम्म्याहून कमी किमतीत मिळत आहे. काय करावे? (जरीपटका, नागपूर)

उत्तर : दोन्ही करू नयेत. अलॉय चाकाची ताकद कारखान्यात दिलेल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. बर्नरने तापवले की ती त्या जागी नाहीशी होते, आणि चाक गोल दिसत असूनही पुढच्या धक्क्याला तडकते. कडेची किरकोळ वाक न तापवता यंत्रावर सरळ होते, पण आतल्या बाजूला केसासारखी जरी रेघ दिसली, तरी ते चाक भंगारात द्यावे. एकाच चाकाचा प्रश्न असल्यास मूळ कंपनीचे एक चाक घेणे सर्वांत शहाणपणाचे.

नक्कल केलेल्या संचाविषयी निर्णय चाकाच्या पाठीमागे वाचावा. तेथे आयएसआय चिन्ह, किंवा जपानी चाकांवर असतात तशी जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही कसोटीची चिन्हे, आणि कमाल भाराचा आकडा ओतलेला असावा. चिकटवलेला कागद हा पुरावा नव्हे. पैसे खर्च करायचेच असतील, तर साध्या ओतीव चाकापेक्षा फ्लो-फॉर्म्ड चाक घ्यावे. त्यात रिमचा भाग गरम असताना रोलरखाली ताणला जातो, त्यामुळे तो पातळ होऊनही अधिक चिवट राहतो. फोर्ज्ड चाक त्याहून सरस, परंतु त्याची किंमत रोजच्या गाडीला सहसा पेलत नाही.

प्रश्न : डॉट ५ हे डॉट ४ पेक्षा वरच्या दर्जाचे ना? तेच घालावे का? (हिंगणा रोड)

उत्तर : घालू नये. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते आपल्या गाडीतील ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएससाठी अयोग्य आहे. डॉट ५.१ हे वेगळे, ते डॉट ४ च्याच जातीचे आहे आणि चालते.

प्रश्न : नवे पॅड आणि डिस्क लावल्यापासून ब्रेक किरकिरतात आणि आठ दिवसांत पेडलला थरथर जाणवू लागली. माल खराब असेल का? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : मालापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. डिस्क बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला होता का? तेथे गंजाचा पातळ पापुद्रा जरी राहिला, तरी डिस्क वाकडी फिरते. आणि पॅड डिस्कवर बसवून घेतले होते का? पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नाही याची खात्री करून, ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, पण गाडी पूर्ण थांबवू नये. त्यानंतर काही मिनिटे शक्यतो ब्रेक न लावता चालवावे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभे राहिल्यास पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो, आणि आपल्याला जाणवणारी थरथर बहुतेक वेळा त्यातूनच येते. नव्याने ही क्रिया करूनही फरक पडला नाही, तर डायल गेज लावून डिस्कचा वाकडेपणा मोजून घ्यावा आणि मगच विक्रेत्याकडे तक्रार न्यावी.

प्रश्न : या बदलांना आरटीओ आणि विमा कंपनी हरकत घेते का? (काटोल रोड, नागपूर)

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. मूळ मापाचे पॅड, डिस्क आणि ऑइल ही देखभाल आहे, तिला अडचण नाही. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल, तर हरकत येणार हे धरूनच चालावे. टायरचे माप कंपनीने आपल्या मॉडेलच्या कोणत्या ना कोणत्या प्रकाराला दिलेल्या यादीतले असावे. ती यादी दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड चिकटवलेली असते. विमा कंपनीला नव्या चाकांची माहिती बिलाच्या प्रतीसह ईमेलने आधीच द्यावी आणि पोच जपून ठेवावी. वॉरंटीतील गाडी असल्यास बसवण्यापूर्वी विक्रेत्याचे म्हणणे लेखी घ्यावे, आणि मूळ चाके विकू नयेत.