मे महिन्यात गुहागरला, अंगणात चाळीस माणसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरी गुहागरला, खालचा पाट या वस्तीतल्या घरी, मे महिन्यात मुंबईचे मित्र आणि घरची-वाडीतली मंडळी मिळून चाळीसेक जणांना बोलवायचंय, संध्याकाळ बागेत निवांत घालवायचीय, तर चिपळूणहून केटरर, बुफेची टेबलं आणि लायटिंगवाला आणावा का?

माझं मत आधीच सांगते. केटरर नको. पैशांचा प्रश्न नाही. केटरर आला की साडेआठला गरमागरम जेवण लागणार, आणि तोवर माणसं घाम पुसत जेवणाची वाट बघणार. मेमधल्या उकाड्यात पनीरची वाफाळती भाजी कुणाला हवी असते? बेत असा आखा की दुपारी चारनंतर गॅस पेटवायची वेळच येऊ नये. एवढं पाळलंत की तुम्ही आणि सासूबाई स्वैपाकघरात न अडकता बाहेर माणसांत बसाल. यजमानीणच दिसत नसेल तर निवांतपणा कसला?

आपल्याकडे हे काही नवं नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीची हळदीकुंकवं चालतात, त्यातला बेत आठवा. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. एकही जिन्नस गरम नाही. तोच बेत थोडा वाढवायचा आणि त्यात पुरुषमंडळींना नि पत्त्यांच्या डावाला जागा करायची, झालं.

तारीख २० मेच्या आतली धरा. पुढे वळवाचा भरवसा नाही. शिवाय लग्नसराई आहे, वाडीत कुणाकडे कार्य किंवा पूजा नाही ना, हे सासऱ्यांना आधी विचारून घ्या. वेळ संध्याकाळी पाचची. दुपारी सुरू झालेलं खारं वारं तेव्हा चांगलं वाहत असतं. सूर्य सातच्या सुमारास बुडतो आणि त्यानंतर तासभर वारं पडतं, पानही हलत नाही. डास त्याच वेळी निघतात. ए.सी. नाही म्हणून तुम्हाला काळजी वाटतेय, पण खरी अडचण या एका तासाचीच आहे. त्यासाठी दोन मोठे स्टँडचे पंखे भाड्याने आणा आणि तेवढा वेळ माणसांना पडवीत नि पडवीलगत सरकवा. पुढे मतलई वारं सुटलं की पुन्हा बरं वाटतं.

आता जागा. तुम्ही आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, माडांखाली बसायचं म्हणताय. फोटो छान येतील, पण नको. नारळ पडतो, सुकी झावळ पडते, पोफळीची विरीसकट, म्हणजे देठाच्या रुंद आवरणासकट, पडणारी झावळीसुद्धा चांगली जड असते. शिपण्यामुळे तिथली जमीन ओली, म्हणजे डासही तिथेच. बसायला अंगण. बहुतेक घरांतून मेमध्ये अंगणातला नारळाच्या विणलेल्या झापांचा मांडव उभाच असतो, त्याच्याइतकी गार सावली ताडपत्रीखाली मिळत नाही. मुलं तरीही आगरात जाणारच, तेव्हा आठवडाभर आधी पाडेल्याला बोलावून नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या. अंगण सारवलेलं असेल तर साडेचारला हलका सडा पुरतो. पेव्हर किंवा काँक्रीट असेल तर साडेतीनला आणि पुन्हा साडेचारला चांगलं भिजवा, नाहीतर खालून वाफ मारत राहील. सतरंज्या, बाज, झोपाळा घरचंच वापरा. गुडघेदुखीवाल्यांसाठी तेवढ्या दहा-बारा खुर्च्या मागवा.

खाण्याचं मुख्य म्हणजे दडपे पोहे. चाळीस माणसांना पातळ पोहे दोन किलो आणि नारळ चार ते पाच. पोहे सकाळी चाळून उन्हात ठेवून कुरकुरीत करून घ्यायचे. चार वाजता परातीत पोहे, ओलं खोबरं, किसलेली कैरी, मिरची-मीठ-साखर एकत्र वाटून लावायचं, वरून नारळाचं पाणी शिंपडायचं. शिंपडायचं, ओतायचं नाही, पोह्यांचा लगदा इथेच होतो. मग हाताने दाबून वर ताट आणि ताटावर वरवंटा ठेवून अर्धा तास विसरून जायचं. मोहरी-हिंग-हळदीची फोडणी दुपारीच करून गार करून ठेवलेली असली की कालवायचं काम तेवढं उरतं. कांदा वेगळ्या भांड्यात ठेवा, न खाणारे दोन-चार असतातच. ओल्या खोबऱ्यामुळे उकाड्यात हे फार टिकत नाही, म्हणून निम्मे पोहे चारला लावा आणि निम्मे साडेसहाला. सोबत पोह्याचे पापड, मिरगुंडं सकाळीच तळून डब्यात भरा.

आंबेडाळीला एक किलो हरभरा डाळ चाळीस जणांना पुरते. डाळ सकाळी दहाला भिजवा, तीनला भरड वाटा. रात्रभर भिजवून सकाळी वाटलेली डाळ संध्याकाळपर्यंत आंबते. पन्ह्यासाठी कैऱ्या आदल्या दिवशी उकडून गर गुळात घोटून फ्रीजमध्ये ठेवा, माणसं येतील तसं गार पाणी घालत जा. दुसरं पेय कोकमचं सरबत. सोलकढी सगळे मागतील, पण नारळाचं दूध या हवेत लगेच उतरतं, म्हणून मी बेतातून काढूनच टाकते. बर्फ घरी जमवा नाहीतर पिण्याचा म्हणून विकतात तो आणा. बंदरावरचा बर्फ मासळीसाठी असतो. घंगाळात घालून बाटल्या बाहेरून गार करायला तो चालेल, पेल्यात बिलकुल नको.

आंब्यांचं मात्र मनावर घ्या. हापूस घरच्या कलमांचा असेल तर बेताच्या दहा-बारा दिवस आधी काढून पेंढ्यात अढी लावा, मधून दोनदा हात फिरवा नि पुढे गेलेले वेगळे काढा. पण हापूसच्या फोडी ताटलीत घालून फिरवण्यापेक्षा रायवळ आंबे मिळाले तर बघा. मोठ्या घमेल्यात विहिरीचं पाणी, त्यात आंबे तासभर बुडवलेले, शेजारी हात धुवायला बादली आणि कोयींना टोपली. बाकी काही करावं लागत नाही. इस्त्रीचे शर्ट घालून आलेली मंडळी पाच मिनिटांत कोपरापर्यंत रस ओघळत चोखत उभी असतात आणि एकमेकांना न ओळखणारी माणसं आपोआप बोलायला लागतात. ओळखी करून द्यायची गरज राहत नाही.

फणस कडक गऱ्यांचा कापाच घ्या, मऊ गऱ्यांचा बरका सांदणांना ठेवा. फणस सकाळीच फोडा. हाताला, कोयतीला खोबरेल लावून गरे सोडवा आणि झाकून ठेवा. पाहुण्यांसमोर फोडायची हौस असते, पण चिकाचे डाग कुणाच्याही कपड्यांवरून जात नाहीत. आठळ्या फेकू नका. अंधार पडला की अंगणाच्या टोकाला नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या सालींचा, धुमसता जाळ करा, डासांना धूर होतो आणि निखाऱ्यांत मुलांना आठळ्या भाजता येतात. आठळीला आधी सुरीने चीर द्यायला विसरू नका, नाहीतर फटाका होतो.

ताटांसाठी विरीच्या ताटल्या किंवा पानांचे द्रोण. थर्माकोल आणि एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि ती नसती तरी मी हेच सांगितलं असतं, कारण मेमध्ये विहिरीने तळ गाठलेला असतो. चाळीस ताटं घासायला पाणी कुठून आणणार? पिण्याचं आणि हात धुण्याचं पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवा.

दिव्यांची रोषणाई करू नका. वीज मेमध्ये केव्हा जाईल सांगता येत नाही. पांढऱ्या दिव्यांवर किडेही फार येतात. पिवळे चार-पाच बल्ब, चार्जिंगचे दिवे आणि पायवाटेवर दोन कंदील पुष्कळ झाले. खरा उजेड हवा तो संडास-न्हाणीच्या वाटेवर. आपल्या भागात फुरसं हा विषारी साप आहे, ते दगडी गडग्यात, सुक्या पानांच्या पातेऱ्यात बसलेलं दिसतही नाही. अंगणाभोवतीचा पातेरा दोन दिवस आधी झाडून घ्या, मुलांच्या पायांत चपला असू द्या, आणि अंधारात कुणीही बॅटरीशिवाय आगरात जायचं नाही हे मुंबईच्या मंडळींना आल्याआल्या सांगा. कुणाला काही चावलंच तर मंत्र-तंत्र, चिरा देणं, आवळून बांधणं यातलं काही नको, थेट सरकारी दवाखाना. गाडी गेटाबाहेर काढता येईल अशी लावून ठेवा.

सूर्यास्ताला सगळे मागच्या दाराने समुद्रावर जाणार, जाऊ द्यात. सव्वासहाला निघून सव्वासातला परत. जाणत्या दोघांना सोबत धाडा, पाण्यात घोट्याच्या वर कुणी जायचं नाही. बिअरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मित्रांचा विषय निघाला म्हणजे ते मनात असणारच. माझ्या मते त्या दिवशी नको. वाडीतली वडीलधारी अंगणात बसलेली असताना सासऱ्यांची पंचाईत होते, आणि प्यायलेला माणूस नि समुद्र एकत्र आणायचे नसतात. मित्रांसाठी दुसरा दिवस ठेवा.

वाडीला आमंत्रण फोनवर देऊ नका. सासूबाईंबरोबर घरोघर जाऊन या, दोन्ही शेजारच्या आगरवाल्यांकडे तर नक्कीच, कारण पाहुण्यांच्या गाड्या त्यांच्याच दारात लागणार आहेत. करमणुकीला स्पीकर नको. कॅरम, पत्त्यांचे दोन कॅट, मुलांना लगोरी. अंधार पडला की कुणीतरी भेंड्या सुरू करतंच. स्पीकर आणलातच तर तो रात्री दहाला बंद करावा लागतो, कायदाच आहे.

साडेआठला भूक लागलीच तर दहीभात आणि लोणचं. भात दुपारी करून पसरून गार करा, दही आयत्या वेळी कालवा, मोहरी-मिरचीची फोडणी दुपारच्याच फोडणीतून बाजूला काढून ठेवा. चाळीस जणांत जेवायला थांबतील ते निम्मेच, म्हणून तांदूळ दीड किलोच्या वर घेऊ नका.