उमेदवाराचे पत्रक आणि काउंटीचे अधिकार

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. काउंटी कौन्सिलच्या एका उमेदवाराच्या पत्रकात खड्डेमुक्त रस्ते, दर आठवड्याला कचरा उचलणे, ग्रंथालय चालू ठेवणे आणि कौन्सिल टॅक्समध्ये (घरांवरील स्थानिक करात) कपात अशी आश्वासने आहेत. ती कितपत ग्राह्य मानावीत?

उत्तर : जिथे काउंटी आणि तिच्यातील लहान विभागांसाठी डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी दुहेरी रचना आहे, तिथे घरोघरचा कचरा डिस्ट्रिक्ट कौन्सिल उचलते आणि काउंटीकडे केवळ त्याची विल्हेवाट असते, म्हणजे हे आश्वासन उमेदवाराच्या अधिकारातच नाही. ग्रंथालये मात्र काउंटीचीच, आणि मोटरवे वगळता बहुतेक रस्तेही. खरी मेख करकपातीत आहे. काउंटीच्या खर्चाचा मोठा वाटा वृद्ध व अपंग यांच्या देखभालीवर जातो आणि २०१४ च्या केअर ॲक्टमुळे ती जबाबदारी टाळता येत नाही. त्यामुळे उत्पन्न घटले की कात्री बहुधा रस्ते आणि ग्रंथालयांवरच चालते. उमेदवार दारी आल्यास पैसा कुठून आणणार, हे थेट विचारावे. गुळमुळीत उत्तर मिळाले तर तेही पुरेसे बोलके असते. आपण भारतीय नागरिक असलात, तरी वैध वास्तव्य असलेले राष्ट्रकुल नागरिक म्हणून या निवडणुकीत मतदान करू शकता. नाव मुदतीत मतदारयादीत नोंदवावे.