आकडेमोड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांचा हिशेब मी संगणकावरच्या तक्त्यात ठेवतो. सातवीतल्या नातीनं त्यात 111111111 ला त्याच संख्येनं गुणलं, तर 12345678987654300 आलं. वहीत तिला शेवटी 321 मिळतात. खरं कुठलं? आणि एवढ्या मोठ्या संख्येला काही जातकुळी असते का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : वही खरी. एकक स्थानी 1 असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार शून्यावर संपेलच कसा? हिशेबाचे तक्ते साधारण पंधरा अंकच नेमके धरतात, पुढे सरळ शून्यं भरतात. तुमची संख्या सतरा अंकी, म्हणून शेपूट तुटलं. पेट्यांच्या हिशेबाला याचा धक्का नाही, निर्धास्त राहा.

आता जातकुळी. हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल, कारण माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा. द. रा. कापरेकर, जन्म 1905, डहाणूचा. देवळालीला शाळामास्तर होते आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळले. 1, 121, 12321 अशा चढत जाऊन उतरणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. कल्पना त्या स्टेशनावर सुचली, म्हणून स्टेशनचंच नाव! नातीची संख्या याच घराण्यातली.

चढउतार का होतो, ते वहीतच दिसेल. गुणाकाराच्या नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली, भाताच्या खाचरांसारखी. उजवीकडून एकेका उभ्या रांगेतले 1 मोजा : एक, दोन, तीन... मधल्या रांगेत नऊ, मग पुन्हा उतरण. हातचा कुठेच घ्यावा लागत नाही.

मूळ संख्या ती अर्थातच नव्हे, पूर्ण वर्ग आहे. 111111111 चे अवयव 3 × 3 × 37 × 333667. वर्गात प्रत्येक दुप्पट वेळा येतो. त्यामुळे विभाजक 45, म्हणजे विषम. पूर्ण वर्गाचं हे हटकून असतं : बाकीचे विभाजक जोडीनं येतात, वर्गमूळ तेवढं एकटं उरतं.

अंकांची बेरीज करा, 81 भरते, आणि 81 ने संख्येला भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी ती ‘हर्षद’ संख्या. हेही नाव कापरेकरांचंच. भागाकार येतो 12345679 चा वर्ग. या 12345679 मध्ये 8 नाही, पाहिलंत? मला स्वतःला सगळ्यात गंमत याचीच वाटते.

वाचायची कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थानांत सतरावं स्थान ‘मध्य’. परार्धाला एकच पायरी कमी.

नातीला आता दहा वेळा 1 लिहून त्या संख्येचा वर्ग करायला सांगा, वहीतच. मधल्या रांगेत दहा भरतात, हातचा येतो आणि डौल मोडतो. उत्तर 1234567900987654321. तिचं पुरं होईपर्यंत हे पान तिच्या हाती देऊ नका.