गरोदर आणि बाळंतीण बायांचं खाणं बिघडलंय हे सिस्टर-आशाताईंना ओळखायला कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की उपकेंद्रातल्या सिस्टर आणि आशाताईंना खाण्याच्या विकारांबद्दल, म्हणजे वजनाच्या धास्तीने उपाशी राहणं, एकदम खूप खाणं, खाल्लेलं मुद्दाम उलटून काढणं याबद्दल शिकवायचंय, तर सुरुवात कुठून करू? मी यावल-चोपडा पट्ट्यात आशाताईंची प्रशिक्षणं घेते. माझं उत्तर एकच, वजनकाट्यापासून करा.

तपासणीच्या दिवशी बाई चप्पल काढून काट्यावर उभी राहते. सिस्टर आकडा मोठ्याने सांगते, दुसरी तो कार्डावर लिहिते आणि बाकावरच्या दहाजणी ऐकतात. मीही हेच करायचे. सातव्या महिन्यातल्या एकीला मी कौतुकाने म्हटलं, "वा, या खेपेला तीन किलो वाढलं!" पुढच्या दोन तपासण्यांना ती आलीच नाही. घरी गेले तर सासूबाई म्हणाल्या, जेवली की मोरीत जाते आणि नळ सोडते. माझं ते वाक्य अजून मनातून जात नाही.

म्हणून पहिला सराव हा घ्या: वजन करण्याआधी बाईला विचारायचं, "आकडा बघायचाय का?" नको म्हणाली तर काट्याकडे पाठ करून उभं करायचं आणि आकडा उच्चारायचा नाही. कार्ड तिच्याच हातात जातं, तेव्हा त्यावर लिहायचा की नाही हेही तिलाच विचारा. आपल्या रजिस्टरात मात्र नोंद हवीच.

दुसरा सराव प्रश्नाचा. पाचवा महिना सरल्यावरही उलट्या चालू असतील तर "मळमळ असेल" म्हणून सोडू नका. "उलटी आपोआप होते, की तू काढतेस?" हे शांत आवाजात, सासूबाईंना बाहेर बसवून विचारता आलं पाहिजे. दोघीदोघींना समोरासमोर बसवून दहा वेळा म्हणवून घ्या, पहिल्यांदा सगळ्यांची जीभ अडखळते. इंग्लंडमध्ये 1999 साली आलेली 'स्कॉफ' ही पाच प्रश्नांची चाचणी शिकवायला हरकत नाही. दोन 'हो' आले की पुढची तपासणी. पण त्यात तीन महिन्यांत वजन घटल्याचा प्रश्न आहे, तो गरोदरपणात फसवतो. आणि बाई बारीकच असेल असंही नाही.

बाळंतपणानंतर जास्त जपा. पोटात बाळ आहे म्हणून नऊ महिने कशीबशी सावरलेली बाई नंतर पुन्हा घसरते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात, पण विचारपूस सगळी बाळाची. माहेरी डिंकाच्या लाडवांचा डबा तसाच भरलेला आहे, की एका रात्रीत रिकामा झाला, हे त्यांच्या नजरेला पडतं. फक्त "दूध कसं येईल, खा गं" असं म्हणू नये. त्याने ती आणखी लपवते.

चक्कर, छातीत धडधड, उलटीत रक्त यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. सततच्या उलट्यांनी पोटॅशियम घटतं, त्याचा फटका हृदयाला बसतो. एरवी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि काट्याभोवती पडदा लावा. आमच्याकडे जुनं लुगडं दोरीवर टाकलंय, तेवढंही चालतं.