ती चाल विचारायला आली, आणि तुम्ही आत बसलात

पत्र थोडक्यात असं: नगर जिल्ह्यातले एक रिटायर्ड शिक्षक, वय 64, अर्धं आयुष्य संडे स्कूल घेतलंय. ख्रिसमसच्या नाटकाच्या प्रॅक्टिसला सेमिनरीतून, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून, नुकतीच आलेली एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, सर, मागी लोक, बाळ येशूला भेटी घेऊन आलेले ते पूर्वेकडचे ज्ञानी, तीनच होते असं बायबलमध्ये कुठंच नाही. तेव्हापासून सर चर्चला गेलेले नाहीत. विचारतात, 'इतक्या वर्षांच्या सेवेचा हाच मान का?'

सर, सलाम.

मुलगी बरोबर आहे, ते आधी मिटवून टाकू. मत्तयचा दुसरा अध्याय काढा. सोनं, ऊद, गंधरस, भेटी तीन आहेत, आणणारे किती ते दिलेलंच नाही, आणि ते आले पण घरात, गोठ्यात नाही. चारचौघांत बोलायला नको होतं म्हणता, बरं, नको होतं. मागी पाच करा, मुकुटासाठी रडणारी दोन पोरं तरी गप्प होतील.

मी अडकले ते तुमच्या ताजा कलमात. 'ती परवा घरी येऊन गेली, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या एका भजनाची जुनी चाल विचारायची होती म्हणे, मिसेसनी चहा दिला, मी आतल्या खोलीत होतो.'

अहो सर! चार पानं मानापमान आणि हे ता.क. मध्ये? शब्द काय, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं की मिळतात, पण तुमच्या गावात ते कसं म्हणायचे, कुठं थांबायचे, टाळ कुठं पडायचा हे तुमच्या पिढीच्या गळ्यातच आहे, आणि पोरगी ते मागायला स्वतः चालत आली, आणि तुम्ही पडद्याआड कान देऊन बसलात (बसलातच, मला माहितीये) आणि बिचाऱ्या मिसेसना सांगावं लागलं असणार की सर झोपलेत.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय, तुम्ही पोरांना शिकवलाच असेल. अपुल्लोस, आलेक्सांद्रियाचा, शास्त्रात पक्का, बोलायला फर्डा, पण माहीत फक्त योहानाचा बाप्तिस्मा, येशूच्या नावाचा नाही. इफिसात त्याला घरी नेऊन नीट समजावलं कुणी, तर राहुट्या करणाऱ्या नवराबायकोनं. तो रुसला नाही, पुढं अखयाला जाऊन आणखी जोरात बोलला. आणि आपल्या पंडिता रमाबाई? 1878 ला कलकत्त्यात 'पंडिता' म्हणून मान मिळालेली बाई, संस्कृत तोंडपाठ, तरी बायबलच्या भाषांतरासाठी उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकायला बसली, तेही केडगावात मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळून. तुम्हाला एक आकडा खोडायचा होता फक्त.

पाळकांना पत्रबित्र लिहू नका. आज रात्री तिला फोन करा, नंबर मिसेसकडे असणारच. सांगा, रविवारी उपासना सुटली की मी थांबतो, चाल देतो. माफी-बिफीचं नाटक नको, ती चाल मागायला आलीये. झालं की वही काढा आणि विचारा, नाटकात अजून काय चुकतंय, आणि ती सांगेल ते लिहून घ्या, मध्ये बोलू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करू द्या तिला. आवाज बसलाय वगैरे सांगत बसू नका, गा.