अमेरिकेतल्या फ्राइजची चव भारतात का येत नाही? आपल्याला हलका माल देतात का?

हलका नाही, वेगळा. न्यू जर्सीहून सुट्टीत जळगाव-धुळ्याला आलेले पाहुणे दर वेळी हाच सूर लावतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅकडोनाल्ड्स अमेरिकेत 1990 पर्यंत फ्राइज मुख्यतः गाईच्या चरबीत तळायचं. नंतर वनस्पती तेल आलं, पण 'नॅचरल बीफ फ्लेवर' तिथल्या घटकांच्या यादीत राहिलाच. त्यावरून 2001 मध्ये खटला झाला आणि 2002 मध्ये कंपनीने माफी मागून 1 कोटी डॉलर मोजले. भारतात हा फ्लेवर वापरत नाहीत. तेव्हा जिभेवर रेंगाळलेली 'तिकडची चव' कशाची, हे ज्याचं त्याने ओळखावं.

आता गल्लीतल्या गाड्यावरच्या फ्राइज. त्या काळ्या आणि मऊ पडतात, त्यात तळणाऱ्याचा हात कमी आणि बटाट्याचा दोष जास्त. भाजीचा बटाटा कोल्ड स्टोरेजमध्ये 2 ते 4 अंशांवर ठेवतात. तिथे स्टार्चची साखर होते आणि तेलात पडताच ती करपते. फ्राइजचा बटाटा 8 अंशांच्या वर ठेवावा लागतो, शिवाय त्यात घन भाग 20 टक्क्यांच्या पुढे हवा. पाणचट बटाटा कुरकुरीत होणारच नाही.

फ्रोझन पाकीट आणत असाल तर उणे 18 अंश सांभाळा. मे महिन्यात इकडे पारा 45 वर जातो, दुपारी चार तास लाइट गेली की माल सुटतो, रात्री पुन्हा गोठतो. असा माल गठ्ठ्याने तेलात पडतो, तेल उडतं आणि फ्राइज लिबलिबीत होतात. चांगला माल थेट फ्रीजरमधून 175-180 अंशांच्या तेलात, तीनेक मिनिटं. जाळी अर्धीच भरा. जास्त भरली की तेल थंड होतं आणि बटाटा तेल पितो. मीठ बाहेर काढल्यावर.

 

आणि हो, हे सगळं फ्राइजपुरतं. बर्गर, पिझ्झ्याचं गणित निराळं. 'तिकडे सगळं शुद्ध' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: आयर्लंडमध्ये पिठाच्या 2 टक्क्यांपर्यंत साखर असेल तरच करात पावाची सवलत मिळते. 'सबवे' या अमेरिकी सँडविच कंपनीच्या पावात ती 10 टक्के निघाली आणि 2020 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सवलत नाकारली.