लॅब्राडॉरची प्रोस्टेट ९६ सीसीवरून ७२ झाली, म्हणजे गोळ्या लागू पडल्या का?

तुम्ही लिहिलंय की लॅब्राडॉर ८ वर्षांचा, ३० किलोचा, खच्चीकरण न केलेला. शी करताना कुंथतो, मधूनच रक्ताचे थेंब पडतात. पहिल्या सोनोग्राफीत प्रोस्टेट (मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी नराची ग्रंथी) ९६ सीसी आली, ती लहान करणाऱ्या फिनास्टेराइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दोन आठवड्यांनी कोल्हापुरातच दुसऱ्या ठिकाणी ७२ सीसी.

मी इथे पाळीव प्राण्यांवर उपचार करतो, पोटाच्या सोनोग्राफी नेहमीच्याच. माझ्या मते तुमच्या कुत्र्याची ग्रंथी अजून कमी झालेली नाही, आणि त्याचं उत्तर तुम्ही दिलेल्या रिपोर्टांतच आहे. पहिल्यात लांबी, रुंदी, जाडी ६.८, ५.४ आणि ५.० सेंमी, दुसऱ्यात ६.८, ५.५ आणि ४.९. म्हणजे ग्रंथी होती तेवढीच आहे, फक्त हिशोब बदलला. पहिल्या ठिकाणी तिन्ही मापांच्या गुणाकाराला ०.५२३ ने गुणलंय. माणसांच्या सोनोग्राफीत हेच सूत्र चालतं. दुसऱ्या ठिकाणी कुत्र्यांसाठी काढलेलं सूत्र वापरलंय: गुणाकार भागिले २.६, अधिक १.८. करून बघा, ९६ आणि ७२ दोन्ही बरोबर येतात.

म्हणून सीसीचा आकडा सोडा, तिन्ही मापं धरून चला. कुत्र्यांच्या वजनाचा पल्ला एवढा मोठा की सगळ्यांना एक मर्यादा लावता येत नाही. लांबीची कमाल मर्यादा अशी काढतात: वजन गुणिले ०.०५५, वय गुणिले ०.१४३, या दोन्हींची बेरीज अधिक ३.३१. तुमच्या कुत्र्याला ती ६.१ सेंमी येते. त्याची ६.८ आहे, तेव्हा मोठी नक्कीच. खच्चीकरण न केलेल्या वयस्क नरात हे फार वेळा दिसतं. माणसात लघवी अडते. कुत्र्यात ग्रंथी बाहेरच्या बाजूला वाढून तिच्या वरून जाणाऱ्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागावर दाबते, म्हणून शी चपटी, रिबिनीसारखी होते.

मोजताना हात थोडा जरी तिरका झाला तरी फरक पडतो. तिन्ही मापांत प्रत्येकी अर्धा सेंटिमीटर कमी पकडला, तर आकारमान जवळपास चौथाईने घटतं. लांबी उभ्या छेदात मूत्रमार्गाच्या रेषेत घ्यायची, रुंदी आणि जाडी आडव्या छेदात. मूत्राशय भरलेलं असलं की ग्रंथी थोडी पुढे सरकते आणि मागचं टोक जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) सावलीतून बाहेर येतं. त्यामुळे तपासणीच्या दिवशी रंकाळ्यावरचा फेरा नंतर मारा. दवाखान्यात गाडीतून उतरल्या उतरल्या खांबापाशी पाय वर केला की काम बिघडलं. पट्टा आखूड धरून थेट आत आणा. लॅब्राडॉरच्या चरबीतून कडा पुसट दिसतात. आपल्याकडच्या सडपातळ कारवान जातीच्या कुत्र्यात त्या किती स्वच्छ दिसतात!

एक्स-रे काढला असेल तर त्यावरही ढोबळ अंदाज येतो: त्रिकास्थीच्या (कमरेमागे कण्याच्या शेवटाकडचं हाड) पुढच्या कडेपासून जघनास्थीपर्यंतच्या अंतराच्या ७० टक्क्यांहून ग्रंथी मोठी असेल तर वाढलेली समजतात. पण आत काय चाललंय हे एक्स-रे सांगत नाही, आणि मला मापाइतकंच ते महत्त्वाचं वाटतं. दोन्ही बाजू सारख्या, कडा गुळगुळीत, पोत एकसारखा, फार तर लहान पाण्याच्या गाठी, असं असेल तर साधी वाढ. वेड्यावाकड्या कडा आणि पांढरे चुन्यासारखे ठिपके असतील तर सुईने पेशी काढून तपासून घ्याव्यात. खच्चीकरण झालेल्या कुत्र्यात तर मोठी प्रोस्टेट दिसणं हेच काळजीचं.

फिनास्टेराइडला दोन आठवडे कमी पडतात, गोळ्या बंद करू नका. पिल्लं नको असतील तर मी खच्चीकरणच सुचवेन. त्यानंतर साधारण ३ आठवड्यांत ग्रंथी निम्म्यावर येते. पुढची सोनोग्राफी मात्र पहिल्याच डॉक्टरांकडे, त्याच मशीनवर करा, आणि मापाच्या खुणा असलेले फोटो मागून घ्या. मधल्या काळात ताप आला, मागचे पाय आखडून चालू लागला किंवा लघवी तुंबली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.